पाठमोरे बसून ऐकलेल्या गिटारी

"ही टेलिकास्टर. ब्रिज पिकअप. यात शंकाच नाही," असे मी भिंतीकडे तोंड करून सांगितले आणि माझ्या पाठीमागे क्षणभर कोणीच काही बोलले नाही. मग धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, वळून बघ." वळून पाहिले तर त्याच्या मांडीवर लेस पॉल होती. तिचे दोन्ही पिकअप, म्हणजे तारांचे कंपन पकडणारे भाग, चालू होते, दोन्हींचे व्हॉल्यूम निम्म्यापर्यंत उतरवलेले होते, आणि जिच्या जाड, भरदार आवाजाबद्दल मी एरवी कोणालाही ऐकवत असते ती गिटार पातळ, खणखणीत आणि किंचित कडक आवाजात वाजत होती.

नुसत्या आवाजावरून इलेक्ट्रिक गिटार ओळखता येते, असा माझा बरीच वर्षे समज होता. रेकॉर्डिंग ऐकताना गिटारीचे नाव सांगायची सवयही होती, आणि तेव्हा खरेखोटे तपासायला कोणी नसल्यामुळे माझे प्रत्येक उत्तर बरोबरच ठरत असे. भावाने शेवटी ही परीक्षा घ्यायचे ठरवले. टेलिकास्टर, स्ट्रॅटोकास्टर, लेस पॉल आणि एका मित्राकडून आणलेली ईएस-३३५ अशा चार गिटारी. अ‍ॅम्प एकच, केबल एकच, पिक एकच आणि वाजवायची ओळही एकच. गिटारी, पिकअप आणि नॉब यांचा क्रम त्याने आधीच कागदावर लिहून ठेवला होता. मी चोवीस वेळा उत्तर दिले आणि त्यांपैकी तेरा वेळा गिटार बरोबर ओळखली. इतक्या वर्षांच्या फुशारकीनंतर हा निकाल काही मिरवण्यासारखा नव्हता.

तो कागद मात्र मी टाकून दिला नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या उत्तरांमधली गिटारीची नावे खोडून मी फक्त एवढेच तपासले की आवाज ब्रिजजवळच्या (तारा गिटारीच्या अंगावर जिथे टेकतात त्या पट्टीजवळच्या) पिकअपचा आहे, मानेजवळच्या पिकअपचा आहे की दोन्हींचा मिळून आहे, हे मला ओळखता आले होते का. त्या हिशेबाने माझी उत्तरे चोवीसपैकी एकवीस वेळा बरोबर होती. म्हणजे कान पुष्कळ काही बरोबर ऐकत होते. त्यांनी ऐकलेल्या गोष्टीला मी चुकीचे नाव देत होते. गिटार कोणती, हा प्रश्न कानाला थेट विचारण्यासारखा नाहीच. तार कुठे ऐकली गेली आणि कशाने ऐकली गेली, एवढेच कानाला कळते. त्यावरून गिटारीचे नाव हा आपण काढलेला निष्कर्ष असतो, आणि निष्कर्ष चुकू शकतो.

आधी 'कुठे' या प्रश्नाकडे पाहू, कारण तो जास्त खात्रीचा आहे. पिकअप संपूर्ण तार ऐकत नाही. आपल्या डोक्यावरचा तारेचा छोटासा तुकडा तेवढा ऐकतो. ब्रिजपाशी तार बांधलेली असल्यामुळे तिथे मूळ स्वराचे कंपन अगदी लहान असते, आणि त्याच्या तुलनेत वरचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वराबरोबर वाजणारे बारीक स्वर, ठळक राहतात. मानेकडे सरकत जावे तसतसे मूळ स्वराचे कंपन रुंद होत जाते आणि आवाजाला गोलाई येते. याचा एक सोपा पडताळा स्ट्रॅटोकास्टरवर घेता येतो. तिचा मानेजवळचा पिकअप ब्रिजपासून मोकळ्या तारेच्या सुमारे एक चतुर्थांश अंतरावर, म्हणजे मान पुढे वाढवली असती तर जिथे चोविसावा फ्रेट (मानेवरची धातूची आडवी पट्टी) आला असता त्या जागी बसवलेला असतो. मोकळ्या तारेवर पाचव्या फ्रेटच्या वर बोट नुसते टेकवून हार्मोनिक वाजवले तर मूळ स्वराच्या चौपट कंपनसंख्येचा स्वर निघतो, आणि या स्वराचा एक स्थिर बिंदू बरोबर त्या पिकअपच्या डोक्यावर पडतो. ब्रिज पिकअपवर जो स्वर घंटीसारखा वाजतो तोच स्वर तसाच वाजता ठेवून स्विच मानेच्या पिकअपवर नेला की जवळजवळ नाहीसा होतो. तार हलताना डोळ्यांना दिसते आणि अ‍ॅम्पमधून मात्र फारसे काही येत नाही. मी पहिल्यांदा हे करून पाहिले तेव्हा स्विच खराब झाला असेच मला वाटले होते. अर्थात कुठल्याही फ्रेटवर तार दाबली की तिची लांबी बदलते आणि स्थिर बिंदूही सरकतात. त्यामुळे हा नेमकेपणा मोकळ्या तारेपुरताच असतो. पण तारेवरची जागा म्हणजे आवाज, ही गोष्ट एकदा अशी कानाने पाहिली की विसरत नाही.

आता 'कशाने'. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याच्याभोवती हजारो वेढ्यांची बारीक तांब्याची तार. सिंगल कॉइलमध्ये असे एकच वेटोळे असते आणि ते गिटारीच्या तारेबरोबर भोवतालच्या विजेची घरघरही गोळा करते. हंबकरमध्ये दोन वेटोळी शेजारी असतात. त्यांचे वेढे एकमेकांच्या उलट आणि चुंबकांचे ध्रुवही उलट असल्यामुळे तारेचे संकेत एकमेकांत मिळतात आणि घरघर एकमेकींना कापते. सेथ लव्हर यांनी गिब्सन या गिटार बनवणाऱ्या कंपनीसाठी हा पिकअप तयार केला, १९५५ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज झाला आणि १९५७ पासून तो गिटारींवर बसू लागला. लेस पॉल ही गिटार मात्र १९५२ मध्येच बाजारात आली होती. तेव्हा तिच्यावर पी-९० नावाचे जाडजूड सिंगल कॉइल पिकअप होते, म्हणजे 'लेस पॉलचा आवाज' म्हणून ज्याची आपण आठवण काढतो तो पहिली पाच वर्षे लेस पॉलमध्ये नव्हताच. आवाजावरून नाव सांगताना लोक एकमेकांशी जे वाद घालतात त्यांतले निम्मे वाद इथेच मिटायला हवेत.

वेटोळ्यातून आणखी एक गोष्ट ठरते आणि माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची आहे. वेटोळ्याचा इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला होणारा त्याचा विरोध) आणि केबलची धारकता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मिळून एक अनुनादी मंडल तयार होते. त्यामुळे एका विशिष्ट कंपनसंख्येभोवतीचे उपस्वर उठून दिसतात आणि त्याच्या वरचे झपाट्याने उतरतात. स्ट्रॅटोकास्टरच्या पिकअपचा इंडक्टन्स साधारण सव्वादोन-अडीच हेन्री आणि जुन्या पद्धतीच्या हंबकरचा सव्वाचार-साडेचार हेन्री धरला, तर पाच मीटरच्या साध्या केबलबरोबर पहिल्याचा उंचवटा साडेचार हजार हर्ट्झच्या आसपास येतो आणि दुसऱ्याचा सुमारे सव्वातीन-साडेतीन हजारांवर. त्यात भर म्हणजे सिंगल कॉइलच्या गिटारींत सहसा २५० किलोओमचे नॉब असतात आणि हंबकरच्या गिटारींत ५०० किलोओमचे, त्यामुळे उंचवटा किती टोकदार राहील हेही बदलते.

हे आकडे कानाला कसे जाणवतात, ते समजण्यासाठी एकाच पट्टीत 'ई' म्हणावे आणि लगेच 'ओ' म्हणावे. स्वर तोच राहतो, फक्त तोंडाच्या आकारामुळे वेगवेगळे उपस्वर पुढे येतात आणि त्यालाच आपण वेगळे अक्षर म्हणतो. वाह पेडल पायाने हलवताना गिटार जे 'बोलते' ते हेच असते. एक उंचवटा खालून वर आणि वरून खाली सरकत असतो. तेव्हापासून मी गिटार ऐकताना जाडी, ऊब, चमक असले शब्द बाजूला ठेवते आणि ती कोणते अक्षर म्हणते आहे ते ऐकते. स्ट्रॅटोकास्टर 'ई' आणि 'ए' यांच्याकडे झुकते, मानेजवळचा हंबकर 'ओ' आणि 'ऊ' यांच्याकडे, आणि लेस पॉलचा ब्रिज पिकअप माझ्या कानांना मोकळा 'आ' वाटतो. हे शास्त्र नाही, ही माझी खूणगाठ आहे, पण ती उपयोगी पडते.

टेलिकास्टरच्या ब्रिज पिकअपला मात्र अक्षर पुरत नाही, कारण तिची ओळख स्वराच्या आरंभात आहे. १९५० मध्ये ती ब्रॉडकास्टर या नावाने आली आणि १९५१ मध्ये टेलिकास्टर झाली, पण तिची मूळ रचना फारशी बदललेली नाही. तिरपा बसवलेला ब्रिज पिकअप ब्रिजच्या धातूच्या पत्र्यातच टांगलेला असतो आणि त्याच्या तळाशीही लोखंडी पट्टी असते. पिक तारेवरून सुटताना टोकदार 'टण्' उमटतो, जाड तारांवर तो चाबकासारखा येतो आणि नंतरचा स्वर मात्र अपेक्षेपेक्षा भरीव असतो. स्वराचा आरंभ कापून टाकला तर भलीभली वाद्येही ओळखेनाशी होतात, हे ध्वनिशास्त्रातले जुने निरीक्षण आहे; टेलिकास्टरच्या बाबतीत ते मला पदोपदी पटते. तिच्याच मानेजवळचा पिकअप धातूच्या टोपीत झाकलेला असतो, त्या टोपीमुळे वरचे उपस्वर थोडे गळतात आणि इतका मवाळ आवाज येतो की परीक्षेत मी त्याला दोनदा हंबकर म्हटले.

स्ट्रॅटोकास्टर ओळखण्याची सर्वांत सोपी जागा तिच्या स्विचच्या मधल्या खाचांत आहे. १९५४ मध्ये ती आली तेव्हा तीन पिकअपसाठी स्विचला तीनच जागा होत्या. वाजवणाऱ्यांच्या लक्षात आले की स्विच दोन जागांच्या मध्ये अडकवून ठेवला तर दोन पिकअप एकत्र वाजतात, आणि लोक तसे करू लागले. ती बनवणाऱ्या फेंडर कंपनीने पाच जागांचा स्विच दिला तो १९७७ मध्ये. दोन पिकअप समांतर जोडले जातात तेव्हा तारेच्या दोन वेगळ्या जागा एकाच वेळी ऐकल्या जातात, काही उपस्वर एकमेकांना कापतात, जोडीचा इंडक्टन्स कमी होऊन उंचवटा वर सरकतो आणि नाकातून बोलल्यासारखा, पोकळ तरी स्वच्छ आवाज येतो. डायर स्ट्रेट्सच्या १९७८ च्या पहिल्या अल्बमवर मार्क नॉफ्लरने हा आवाज घराघरांत पोहोचवला. पुढच्या काळातल्या बऱ्याच स्ट्रॅटोकास्टरमध्ये मधला पिकअप उलट वेढ्यांचा आणि उलट ध्रुवांचा असतो, त्यामुळे या दोन खाचांत घरघरही थांबते. या तपशिलाकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

लेस पॉल आणि ईएस-३३५ यांच्यातला फरक सांगताना मी अजूनही अडखळते. १९५८ मध्ये आलेल्या ३३५ च्या मध्यभागी भरीव लाकडाचा ठोकळा आहे आणि दोन्ही बाजू पोकळ आहेत. पिकअप मात्र तेच हंबकर. स्वच्छ आवाजात, पिकअपचा टोन उघडा ठेवून, संथ वाजवले तर ३३५ च्या स्वराभोवती थोडी हवा आहे असे वाटते आणि स्वर जरा लवकर ओसरतो. गेन, म्हणजे अ‍ॅम्पमध्ये संकेत किती वाढवायचा ते, वर नेला की हा फरक माझ्यापुरता संपतो. लेस पॉल आणि गिब्सनचीच दुसरी गिटार एसजी यांना एकमेकींपासून डोळे मिटून ओळखतो असे कोणी म्हणाले, तर त्याला मी एकदा भिंतीकडे तोंड करून बसायची विनंती करीन. लाकडाच्या जातीबद्दल लोक जे बोलतात त्यात मला फारसे पडायचे नाही. ठोस अंगाच्या गिटारीत लाकडाने काही फरक पडत असला, तरी पिकअप दोन मिलिमीटर वर-खाली केल्याने पडणारा फरक मला त्याहून कितीतरी ठळक ऐकू येतो.

काही गिटारी स्वतःच ओळख सांगतात. रिकनबॅकरच्या बारा तारांच्या गिटारीत जाड तारा आणि त्यांच्या सप्तकभर वरच्या बारीक तारा यांच्या जोड्यांचा क्रम इतरांच्या उलट असतो. पिक खाली जाताना आधी जाड तारेला लागते आणि मग बारीक तारेला, त्यामुळे खालचा स्वर आधी येऊन त्याच्यावर चमक चढते. जॅझमास्टरमध्ये ब्रिजच्या मागे तारेचा बराच लांब तुकडा मोकळा राहतो आणि जोरात वाजवून थांबले की तो मागे किणकिणत राहतो.

आता फसवणुकीबद्दल. गिटारीनंतर येणारे प्रत्येक यंत्र तिच्या ओळखीचा थोडा भाग खाऊन टाकते. गिटारीचे बारा इंची स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या वर झपाट्याने उतरतात, म्हणजे पिकअपमधल्या फरकांना दिसायला जागाच कमी असते. डिस्टॉर्शनमध्ये आवाजाची टोके कापली जातात, नवे उपस्वर जन्माला येतात, मोठा आणि लहान आवाज एका पातळीला येतात, आणि ज्या आरंभावरून टेलिकास्टर ओळखायची तो आरंभच सपाट होतो. याचे माझ्या मते सर्वांत मोठे उदाहरण जिमी पेजचे आहे. त्याचे नाव काढले की लेस पॉल डोळ्यांपुढे येते, पण लेड झेपलिनच्या १९६९ च्या पहिल्या अल्बमवर त्याने मुख्यतः टेलिकास्टर वाजवली, आणि १९७१ च्या चौथ्या अल्बममधला त्याचा सर्वांत गाजलेला सोलोसुद्धा टेलिकास्टरवरचाच आहे. तो सोलो मी वर्षानुवर्षे लेस पॉलचा म्हणून ऐकला. खरे कळल्यावर मला लगेच त्यात टेलिकास्टर ऐकू येऊ लागली, आणि यातच कानाची सगळी अडचण दिसते: माहिती आधी मिळाली की कान तिला साक्ष देतो.

उलट दिशेची फसवणूक फ्लीटवूड मॅकचा गिटारवादक पीटर ग्रीन याच्या लेस पॉलमध्ये आहे. तिच्या मानेजवळच्या पिकअपमधला चुंबक उलटा बसला होता, त्यामुळे दोन्ही पिकअप एकत्र वाजवले की ते एकमेकांविरुद्ध काम करत, खालचे स्वर कापले जात आणि हंबकरच्या गिटारीतून बारीक, पोकळ, दुखऱ्या गळ्याचा आवाज येई. तो आवाज ऐकून लेस पॉलचे नाव कोणी आपणहून घेणार नाही. माझ्या परीक्षेतली चूकही याच्याच दूरच्या नात्यातली होती. व्हॉल्यूम उतरवल्यामुळे अ‍ॅम्पला कमी संकेत मिळाला, त्यातली फाटकी किनार गेली, दोन पिकअप मिळून वाजत असल्यामुळे मधले काही उपस्वर कापले गेले, आणि मला जे ऐकू आले ते खरोखरच पातळ आणि स्वच्छ होते. ते टेलिकास्टरचे आहे, हे तेवढे मी पदरचे घातले.

त्यानंतर मी रीत बदलली. आता पहिल्या दोन-तीन स्वरांत फक्त पिकअपची जागा ठरवते आणि तिथेच थांबते. मग अक्षर ऐकते, मग पिक सुटतानाचा आवाज. आणि कोणी समोर वाजवत असेल तर वाजवणे थांबल्यावरची शांतता ऐकते, कारण सिंगल कॉइलची घरघर तिथे उघडी पडते. रेकॉर्डिंगमध्ये ही शांतता बहुधा साफ केलेली असते, म्हणून तिथे हा पुरावा मिळत नाही. एवढे करूनही नाव सुचले नाही तर 'मानेजवळचा हंबकर, टोन उतरवलेला, गिटार सांगता येत नाही' असे लिहून मोकळी होते. दुसऱ्या परीक्षेत अशी पाच उत्तरे होती. भावाने ती मान्य करायला बरीच खळखळ केली, पण शेवटी त्यांच्यापुढे बरोबरची खूण केली.

मग मी त्याला भिंतीकडे तोंड करून बसवले. मी गिटार उचलल्याचा आवाज येताच तो म्हणाला, "ताई, आधी काही वाजवू नकोस. गेन वाढव, हात तारांवर ठेव आणि मला नुसती घरघर ऐकू दे." मी स्ट्रॅटोकास्टर घेतली होती. स्विच हळूच एका मधल्या खाचेत सरकवला, तारांवर तळवा ठेवला आणि गेन पूर्ण वर नेला. अ‍ॅम्पमधून हलकी सळसळ तेवढी येत होती. बराच वेळ तो काहीच बोलला नाही.